काटेसावर, तुरुंग आणि मेडिकलमधली ट्यूब: तेलकट चेहऱ्याची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी, आणि जे लोकलमध्ये इअरफोन विसरले त्यांच्यासाठी, नेहमीप्रमाणे हा लेखी एपिसोड. बोलताना झालेलं थोडं इकडचं तिकडचं काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्या सेल्फी कॅमेऱ्यात रोज दिसतो. दुपारपर्यंत चमकायला लागणारं कपाळ, नाकावरचे काळे ठिपके, आणि नेमकी कुठेतरी जायच्या आदल्या दिवशी हनुवटीवर उगवणारी पुळी. या विषयावर मला मेसेज येतात त्यातला प्रश्न एकच असतो: "ताई, काय लावू?"

आता मी काही डॉक्टर नाही. मी इतिहास सांगते. म्हणून हा प्रश्न मी जरा फिरवून घेतला. आजवर माणसांनी चेहऱ्याला काय काय लावलं? ते लावायला कोणी सांगितलं? आणि त्याची किंमत कोणी मोजली? शोधायला बसले तेव्हा वाटलं होतं की उटणं, मुलतानी माती अशी गोड गोड गोष्ट निघेल. ती निघालीच. पण वाटेत अमेरिकेतला एक तुरुंग लागला, आणि तिथून निघालेला रस्ता थेट आपल्या गल्लीतल्या मेडिकलच्या काउंटरवर येऊन थांबला. तो रस्ता आज नीट बघू.

काटेसावरीचे काटे

सुरुवात आपल्या घरापासून. सुश्रुतसंहिता हा ग्रंथ शस्त्रक्रियेसाठी प्रसिद्ध आहे, हे शाळेत आपण सगळ्यांनी वाचलंय. पण त्यात 'क्षुद्ररोग' नावाचं एक प्रकरण आहे. क्षुद्र म्हणजे छोटे, किरकोळ आजार. त्यात तरुण मुलामुलींच्या तोंडावर येणाऱ्या पुटकुळ्यांचं वर्णन आहे. नाव काय, तर मुखदूषिका. चेहरा बिघडवणारी. आणि उपमा दिलीय शाल्मलीच्या काट्यांची. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. फेब्रुवारीत लालभडक फुलते ती. तिच्या कोवळ्या खोडावरचे काटे कधी जवळून बघा. बुडाशी रुंद, वर टोकदार, खोडातूनच फुगून आल्यासारखे. ज्याने ही उपमा दिली त्याने पुटकुळी फार लक्ष देऊन बघितली होती.

कारण काय सांगितलंय? कफ, वात आणि रक्त. उपाय काय? वमन, म्हणजे औषध देऊन उलटी करवणं, आणि वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांचा लेप. आज हा लेप चेहऱ्याला लावा असं मी अजिबात म्हणत नाहीये. मोहरीने तेलकट काय, चांगली त्वचासुद्धा भाजेल. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या वर्णनात तरुणपणाशी संबंध जोडलाय, पण तरुणांना शिव्या घातलेल्या नाहीत. मराठीतला 'तारुण्यपीटिका' हा शब्दही त्याच वळणाचा. वयात आलात, पुटकुळ्या आल्या, एवढंच.

शिव्या घालायला दुसरीकडे सुरुवात झाली.

'तुझंच काहीतरी चुकतंय'

इंग्रजीत ज्याला 'अ‍ॅक्ने' म्हणतात, तो शब्द 'अकमे' या ग्रीक शब्दावरून आला असं मानतात. अकमे म्हणजे टोक, बहराचा काळ. सहाव्या शतकातल्या एटियस नावाच्या वैद्याच्या ग्रंथाची नक्कल करताना 'म'चा 'न' झाला आणि तो तसाच चिकटला, असं सांगतात. म्हणजे त्या शब्दातही मुळात तारुण्याचा बहरच होता.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये रॉबर्ट विलन आणि त्याचा शिष्य थॉमस बेटमन यांनी त्वचेच्या रोगांची पद्धतशीर वर्गवारी केली. बेटमनचं पुस्तक 1813 सालचं. हे काम मोठंच होतं. पण वर्गवारी झाली तरी कारण सापडलं नव्हतं, आणि कारण सापडत नाही तेव्हा माणूस पेशंटच्या चारित्र्यात कारण शोधतो. त्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी डॉक्टरांनी पिंपल्सचा संबंध हस्तमैथुनाशी, 'वाईट विचारां'शी जोडला. चेहऱ्यावर पुळ्या म्हणजे मनात पाप.

हसू येतंय? मग आपल्याकडचं आठवा. "लग्न झालं की जातील." "सारखं बाहेरचं खातेस ना, म्हणून." "तोंड नीट धूत जा जरा." "सारखा मोबाइल!" आत्या, मावशी, शेजारच्या काकू, प्रत्येकीकडे एक कारण तयार असतं, आणि प्रत्येक कारणाचा अर्थ एकच: चूक तुझी आहे.

आता खरं काय ते बघू. आपण ज्याला 'पोर' म्हणतो, ते छिद्र म्हणजे केसाच्या मुळाचं तोंड. आत तेलाची ग्रंथी असते. ती तेल बनवते, ते त्या नळीतून वर येतं आणि त्वचेवर पसरतं. नळीच्या आतल्या भिंतीवरून मेलेल्या पेशीही सतत सुटत असतात. त्या तेलाबरोबर वाहून गेल्या तर ठीक. त्या एकमेकींना चिकटून राहिल्या तर नळीत बूच बसतं. बुचाचं तोंड बंद असेल तर व्हाइटहेड, उघडं असेल तर ब्लॅकहेड. ब्लॅकहेडचा काळेपणा म्हणजे धूळ नव्हे. त्वचेतलंच रंगद्रव्य आणि हवेशी संपर्क आलेलं तेल यामुळे तो रंग येतो. म्हणून घासून तो जात नाही. 1896 साली हॅम्बुर्गच्या पॉल उना यांनी या बुचांमध्ये एक जिवाणूही पाहिला. तो आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर राहतोच. बूच बसलेल्या नळीत त्याचं फावतं, आणि मग लाल, दुखरी पुळी येते.

तेल जास्त का येतं, याचं उत्तर मिळालं 1941 मध्ये. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकाने पाहिलं की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले किंवा वाढलेच नाहीत, अशा पुरुषांना पिंपल्स येत नाहीत. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की येतात. म्हणजे सूत्र हार्मोनच्या हातात. आणि अँड्रोजेन गटातली ही हार्मोन्स मुलींच्या शरीरातही असतात, कमी प्रमाणात.

थोडक्यात, अडचण आतून सुरू होते. तुम्ही घाणेरडे आहात म्हणून नाही, पापी आहात म्हणून तर नाहीच नाही.

मातीची गोष्ट

मधल्या सगळ्या काळात सामान्य माणसं काय करत होती? हाताशी असेल ते लावत होती. आपल्याकडे डाळीचं पीठ, हळद, उटणं. दिवाळीच्या पहाटे आधी अंगभर तेल आणि मग उटणं, हा क्रम बघा. तेल हे तेव्हा शत्रू नव्हतं. आधी मुरवायचं आणि मग जादाचं उतरवायचं, असा हिशोब होता.

आणि मुलतानी माती. नाव मुलतानवरून, जे आज पाकिस्तानात आहे. इंग्रजीत या जातीच्या मातीला 'फुलर्स अर्थ' म्हणतात. फुलर म्हणजे लोकरीचं कापड धुऊन, तुडवून तयार करणारा कारागीर. मेंढीच्या लोकरीत चिकट तेल असतं, ते शोषून काढायला ही माती वापरत. तेच तत्त्व चेहऱ्यावर. वरचं तेल माती शोषून घेते, तासाभरापुरतं छान कोरडं वाटतं. पण खालच्या ग्रंथीला मातीचा पत्ताच नसतो. ती आपलं काम करत राहते. म्हणून कधीतरी लावायला हरकत नाही, पण रोज थापून, वाळून भेगा पडेपर्यंत बसलात तर त्वचा फक्त चिडेल.

फिलाडेल्फियाचा तुरुंग

आता गोष्ट गंभीर होते.

फिलाडेल्फिया शहरात होम्सबर्ग नावाचा तुरुंग होता. 1951 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांना तिथे बोलावलं गेलं, कारण कैद्यांच्या पायांना बुरशीचा संसर्ग झाला होता. डॉक्टर आत गेले आणि त्यांना समोर माणसं दिसलीच नाहीत. दिसली ती एकरच्या एकर त्वचा. हे मी रंगवून सांगत नाहीये. त्यांनी स्वतःच पुढे एका वार्ताहराला अशा अर्थाचं सांगितलं होतं, शेतकऱ्याला सुपीक जमीन दिसावी तसं.

पुढची वीसेक वर्षं, 1974 पर्यंत, त्या तुरुंगात प्रयोग चालले. क्रीम, डिओडरंट, औषधं, रसायनं. कैदी बहुतांश कृष्णवर्णीय, पुष्कळसे गरीब, काही तर खटला उभा राहायची वाट बघत असलेले. त्यांना थोडे पैसे मिळायचे. जामिनासाठी ते हवेच असायचे. आपल्या अंगावर काय लावलं जातंय हे त्यांना धड सांगितलं जात नव्हतं. काहींच्या त्वचेवर डायॉक्सिन हे विषारी रसायन लावलं गेलं. ते लागलं की छिद्रं बंद होऊन क्लोरअ‍ॅक्ने नावाच्या भयंकर पुळ्या येतात. तेच तपासायचं होतं.

आणि याच काळात, याच तुरुंगातल्या चाचण्यांतून एक खरंखुरं उपयोगी औषधही पुढे आलं. ट्रेटिनॉइन, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेलं आम्ल. नळीतल्या पेशी एकमेकींना चिकटून बूच बसतं ना, ते बसूच न देणारं. 1969 मध्ये क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी त्यावरचा निबंध छापला, 1971 मध्ये अमेरिकेत ते 'रेटिन-ए' नावाने मंजूर झालं. आज इन्स्टाग्रामवर 'रेटिनॉइड', 'रेटिनॉल' हे शब्द दिवसातून दहा वेळा दिसतात. त्या घराण्याच्या कर्त्या औषधाचा रस्ता होम्सबर्गच्या कोठड्यांमधून जातो.

त्याच वर्षीचा, म्हणजे 1969 चा, आणखी एक किस्सा. चॉकलेटने पिंपल्स येतात का, हे याच गटाने 65 जणांवर तपासलं. त्यातले काही कैदीच. निष्कर्ष: चॉकलेटचा काही संबंध नाही. वर्षानुवर्षं डॉक्टर हेच सांगत राहिले. पण अभ्यासाला मदत चॉकलेट बनवणाऱ्यांच्या संघटनेची होती, आणि तुलनेसाठी दिलेल्या नकली चॉकलेटमध्येही साखर आणि चरबी भरपूर होती! मग फरक दिसणार कसा? पुढे 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात 43 तरुणांवर 12 आठवडे अभ्यास झाला. ज्यांनी रक्तातली साखर झपकन वाढवणारं खाणं कमी केलं त्यांचे पिंपल्स जास्त कमी झाले. म्हणजे आईच्या वडापावविरोधी भाषणात अगदीच तथ्य नाही असं नाही. पण तिचा रोख तेलावर असतो. संशोधनाचं बोट मैदा, साखर, कोल्ड्रिंककडे जास्त आहे.

होम्सबर्गच्या कैद्यांचं काय झालं? कित्येकांच्या अंगावर व्रण राहिले. 1998 मध्ये या प्रकरणावर पुस्तक आलं तेव्हा जगाला नीट कळलं. क्लिगमन 2010 मध्ये वारले. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने माफी मागितली 2021 मध्ये, फिलाडेल्फिया शहराने 2022 मध्ये. प्रयोग थांबल्यानंतर जवळजवळ अर्धं शतक गेलं होतं. पुष्कळसे कैदी तोवर हयातही नव्हते.

तीन औषधांची एक ट्यूब

आता हा रस्ता आपल्याकडे कसा वळतो ते ऐका.

1975 मध्ये क्लिगमन यांनी आणखी एक मिश्रण सुचवलं. चेहऱ्यावरच्या काळ्या डागांसाठी तीन औषधं एकत्र: रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, आणि सूज व जळजळ दाबणारं स्टिरॉइड. डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठराविक आजारासाठी, थोडे दिवस. वैद्यकात याला 'क्लिगमन फॉर्म्युला' म्हणतात.

भारतात या कल्पनेची वंशावळ वाढत गेली. स्टिरॉइड बदललं, आणखी जोरदार आलं, आणि ट्यूब मेडिकलच्या काउंटरवर पोचली. ज्या देशात 1975 पासूनच गोरेपणाचं क्रीम घराघरात जात होतं, तिथे 'आठ दिवसांत उजळ' करणाऱ्या ट्यूबला गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही.

माझी एक मावसबहीण कॉलेजला होती तेव्हाचं सांगते. ती मेडिकलमध्ये गेली आणि म्हणाली, "काका, पिंपल्ससाठी काहीतरी द्या ना." काकांनी एक ट्यूब पुढे केली. चिठ्ठी नाही, प्रश्न नाही. आठवड्यात चेहरा गुळगुळीत. सगळे विचारायला लागले, काय लावतेस गं? दोन महिन्यांनी ट्यूब संपली, चार दिवस लावली नाही, आणि चेहरा लालबुंद. बारीक बारीक पुळ्या, आग, उन्हात उभं राहवेना. पुन्हा ट्यूब लावली की शांत. बंद केली की दुप्पट. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिला समजावलं की हा तुझा मूळचा मुरमांचा त्रास राहिलेलाच नाही, हे ट्यूबचं व्यसन आहे. तुझ्या त्वचेला लागलेलं. त्यातून बाहेर यायला तिला वर्षभर लागलं.

ती एकटी नव्हती. 2011 मध्ये भारतातल्या 12 केंद्रांमधला एक अभ्यास छापून आला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यातल्या 104 जणांनी ते लावलं होतं पिंपल्ससाठी. निम्म्याहून जास्त लोकांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवलं होतं. आणि सगळ्यात जास्त दिसलेला दुष्परिणाम कोणता? पिंपल्स येणं किंवा वाढणं! ज्यासाठी लावलं, तेच वाढलं. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला नावच दिलंय, 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस', म्हणजे स्टिरॉइडने खराब झालेला चेहरा. त्यांच्या संघटनेने पाठपुरावा केला, आणि मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून अशी 14 औषधं असलेली क्रीम 'शेड्यूल एच'मध्ये टाकली. म्हणजे कायद्याने ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रत्यक्षात काय होतं, हे तुम्ही तुमच्या चौकात जाऊन बघू शकता.

म्हणून ट्यूबवरची नावं वाचायची सवय लावा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं काही दिसलं आणि डॉक्टरने लिहून दिलेलं नसेल, तर ते चेहऱ्याला लावायचं नाही. आधीपासून लावत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि ट्यूब बरोबर न्या.

मग आता काय लावू?

बघा, परत आलोच तुमच्या प्रश्नावर. इतिहास वाचून मला जे पटलं ते एवढंच आहे की या विषयात घाई विकणारा माणूस नेहमी कोणाच्या तरी लाजेवर धंदा करत असतो. ज्या गोष्टींना खरा आधार आहे त्या कंटाळवाण्या आहेत, आणि त्यांना वेळ लागतो.

दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश. घाम आला तर अजून एकदा. खसखसून घासायचं नाही, अक्रोडाचे स्क्रब नाहीत, लिंबू आणि टूथपेस्ट तर नाहीच. बुचांसाठी सॅलिसिलिक अ‍ॅसिड उपयोगी पडतं, कारण ते तेलात विरघळतं आणि छिद्राच्या आत पोचतं. त्याचं नाव विलोच्या झाडावरून आलंय, त्या झाडाच्या सालीत त्याचाच भाऊबंद असतो. लाल पुळ्यांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड. बुचं बसूच नयेत म्हणून अ‍ॅडापलीन किंवा ट्रेटिनॉइन, पण डॉक्टरला विचारून, रात्री, आणि गरोदरपणात नाही. तेलकट त्वचेलाही हलकं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लागतं. पाकिटावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं असतं, म्हणजे छिद्रं बंद न करणारं. या शब्दामागची चाचणी पूर्वी सशाच्या कानावर करत, आणि माणसाची त्वचा म्हणजे सशाचा कान नव्हे. तेव्हा तो शब्द इशारा म्हणून घ्या, हमी म्हणून नाही. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे द्या.

नाकावर जे बारीक करडे ठिपके दिसतात, ते बहुतेक वेळा ब्लॅकहेड्स नसतातच. ते तेलाचे नेहमीचे धागे असतात, सगळ्यांना असतात. पट्टी चिकटवून ओढले तर महिन्याभरात परत भरतात. त्यांच्याशी भांडण काढू नका.

गाठीसारखे, खोल, दुखणारे मुरूम असतील, खड्डे पडत असतील, किंवा मुलींची पाळी अनियमित असेल, तर थांबू नका, डॉक्टर गाठा. अशा तीव्र मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या आहेत. 1982 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं हे औषध तेलाची ग्रंथीच आकसवतं. पण पोटातल्या बाळात गंभीर व्यंग निर्माण करू शकतं, त्यामुळे ते मैत्रिणीच्या डब्यातून घ्यायचं औषध नाही.

आणि दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून "अगं, हे काय झालं?" असं विचारायचं नाही. तिने सकाळी आरसा बघितलेला असतो.

पुढच्या एपिसोडमध्ये टाल्कम पावडरची गोष्ट सांगणार आहे. तुमच्या घरात कुठलं जुनं लेप-उटणं चालतं, कोणाकडून आलं, ते व्हॉइस नोटने नक्की पाठवा. आणि आज रात्री घरातली क्रीमची ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर एकदा वाचा. फोनमध्ये फोटो काढून झूम करा, सोपं जातं. भेटू लवकरच!